हवालदाराचं सुतक

माझी आई दोनदा वारली. पहिल्यांदा वारली तेव्हा ती नवीन लुगडं नेसून, ओट्यावर खुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. दुसऱ्यांदा, म्हणजे खरोखर, वारली ती पुढं बऱ्याच वर्षांनी. तेव्हासुद्धा शिळफाट्याच्या आमच्या सोयऱ्यांनी आधी एक माणूस पाठवून खात्री करून घेतली आणि मगच रडायला टेंपो काढला. त्यांना दोष देत नाही. दुधानं तोंड भाजलेला माणूस ताक फुंकूनच पिणार.

सगळ्याचं मूळ टीव्हीत. मी चौथी शिकलेला माणूस. खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचो, उरल्या वेळात भातशेती. एका दिवाळीला मला काय सुचलं कोण जाणे, बोनस मिळाला तो घेऊन कर्जतला गेलो आणि बायकोला, हौसाला, पाटल्यांऐवजी टीव्ही आणला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवसापासून ती टीव्हीशीच बोलायला लागली, त्यामुळं माझ्याशी बोलायचं काही कारणच उरलं नाही!

आठवड्यातून एकदा संध्याकाळी पोलिसांची एक मालिका लागायची. तिचं खरं नाव बोजड होतं, आमच्यात कुणाला ते धड म्हणता येत नव्हतं. आम्ही तिला 'खुनाचं' म्हणायचो. "ए येसू, आज खुनाचं हाय गं, भाकऱ्या लवकर उरक!" अशी हौसा कुंपणावरून शेजारच्या येसूबाईला हाक मारायची, आणि रस्त्यानं चालत जाणारा परका माणूस एकदम पळायला लागायचा.

त्या मालिकेत एक रुबाबदार इन्स्पेक्टर होता. काळा चष्मा, तोंडात सिगारेट, सगळे खून तोच शोधायचा. साऱ्या गावाला तो आवडायचा. हौसाला नाही. तिचा जीव होता शिरपत हवालदारावर. पोट सुटलेलं, गुडघे दुखणारे, टोपी कायम तिरकी. चोराला पकडलं की आधी विचारायचा, "जेवलास का?" आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर मोडून द्यायचा. हौसाला सख्खा भाऊ नव्हता. पहिल्यांदा ती भाकर मोडलेली बघितली आणि तिनं तिथंच जाहीर केलं, "हा माजा भाऊ." झालं! त्या वर्षी भाऊबिजेला तिनं टीव्हीला ओवाळलं. (टीव्ही ओवाळणी टाकत नाही. ती मी टाकली.)

आता मुद्द्याचं. आमची थोरली लेक मंदा लग्नाची होती. आधी दोन स्थळं येऊन मोडली होती. एकाला मंदा सावळी वाटली, दुसऱ्याला आमचं घर. तिसरं शिळफाट्याचं. पोरगा सरळ, नोकरीला, आणि विशेष म्हणजे मंदा त्याला पसंत आणि तो मंदाला. पोराला वडील नव्हते. घरात शब्द चालायचा आईचा, पार्वतीबाईंचा, आणि बाहेर मिरवायचा त्याचा चुलता, बाळाराम. बोलणी झाली, साखरपुडा ठरला. हेही स्थळ मोडलं तर पोरीच्या नावानं गावात काय बोलतील, ह्या काळजीनं मी आठवडाभर झोपलो नव्हतो. आणि नेमकं साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी 'खुनाचं' होतं!

त्या दुपारी मी दाढी करायला कर्जतला गेलो. स्टेशनाबाहेर गोविंदाचं सलून. गोविंदा हात चालवायचा कमी आणि खून शोधायचा जास्त.

"काका, मी सांगतो, खून मॅनेजरनं केलाय."

"नाय रं, तो ड्रायव्हर हाय. त्याचे डोळे बघ."

"डोळं काय बघायचं? मॅनेजरचं बूट बघा बूट!" असं म्हणून त्यानं बूट दाखवायला वस्तऱ्याचा हात फिरवला, आणि माझी डावी मिशी अर्धी झाली.

माझी मिशी म्हणजे घराण्याची इज्जत. गोविंदा म्हणाला, घाबरू नका, उजवी हिच्याबरोबर करतो. उजवी जरा जास्तच गेली. मग डावी तिच्याबरोबर. मग परत उजवी. दोन मांजरं आणि लोण्याचा गोळा, तशी माझी मिशी दोन्हीकडून संपत गेली. शेवटी गोविंदा हळूच म्हणाला, "काढूनच टाकतो काका. तोंड तरणं दिसंल."

आरशात बघितलं. तरणं कसलं, सोललेला उकडलेला बटाटा!

घरापर्यंत तोंडावर टॉवेल धरून आलो. हौसानं बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अवो, उद्या पोरीचा साखरपुडा, आन तुमी हे काय करून आलात? आमच्यात मिशी कवा काढत्यात, ठावं हाय ना? आय नायतर बाप मेला तरच!"

"मग काय करू? चिकटवू?"

"गप ओट्यावर बसा. तोंड झाका."

बसलो. शेजारीपाजारी टीव्हीपुढं जमले. आईला मात्र 'खुनाचं' आवडायचं नाही, ती लवकर जेवून आत माजघरात निजली होती. तिची ओट्यावरची जागा त्यामुळं रिकामी. आणि साखरपुड्याला पाव्हणे येणार म्हणून मंदानं तिची वर्षाची मळकी गोधडी धुऊन दांडीवर टाकली होती. हे दोन्ही ध्यानात ठेवा, मला तेव्हा ठेवता आलं नाही.

आत मालिका रंगली. मी बाहेरून कान देत होतो. एकदम ढिशाव झालं, आणि मग हौसाची किंकाळी! मी धावत आत गेलो. टीव्हीत शिरपत हवालदार गोदामाच्या दारात आडवा. पाठीत गोळी. हातातला डबा उघडला होता आणि भाकर गडगडत गटाराकडं चालली होती. ती भाकर गटारात पडली आणि भाग संपला.

खोलीत असा आकांत झाला की काय सांगू! येसूबाईनं ऊर बडवून घेतला. हौसा भिंतीला टेकून बसली ती हलेना. "माजा भाऊ गेला गं येसू! जेवला पन नाय गं!"

"हौसा, अगं ते नाटक हाय."

"तुमी गप ऱ्हावा! तुमचा कोन व्हता तो? माजा भाऊ व्हता."

मग ती उठली, परसात गेली आणि डोक्यावरून गार पाण्याची आंघोळ करून आली. केस मोकळे, डोळे लाल.

"चूल आज पेटनार नाय," ती म्हणाली.

"अगं, उद्या साखरपुडा हाय!"

"उद्या हसीन की. आज माजा भाऊ गेलाय."

आता आमच्या गावची रीत अशी, की ज्या घरात चूल बंद, त्या घरी शेजारणीनं पिठलं-भाकरी आणायची. येसूबाईनं रीत मोडली नाही. तिनं झाकून टोपलं आणलं. मागोमाग इतर बायका आल्या, अंगणात गोल करून बसल्या, पदर डोळ्यांना. "लई चांगला जीव व्हता." "चांगलीच मानसं आधी जात्यात." "आता कसं व्हायचं?" (कसं व्हायचं म्हणजे? पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टर खून शोधणार! पण हे बोलायची माझी छाती नव्हती.)

आणि तेवढ्यात फाटकातून आत आला बाळाराम.

तो आला होता एवढंच सांगायला, की उद्या किती माणसं येतील आणि कुठल्या गाडीनं. फाटकातच थबकला. त्यानं काय बघितलं असेल, तुम्हीच बघा. अंगणात बायका मुसमुसताहेत. मंदाची आई ओल्या केसांनी. चुलीतून धूर नाही, शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आलेली. म्हातारीची जागा रिकामी, तिची गोधडी धुऊन दांडीवर. आणि ओट्यावर मी, तोंडावर टॉवेल. त्याला बघून मी घाईनं उठलो आणि टॉवेल घसरला. मिशी साफ!

बाळारामचा चेहरा पडला. माझे वडील मागंच गेलेले, हे त्याला ठाऊक होतं. राहिली कोण?

तो हळूच माझ्याजवळ येऊन बसला. खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, बघा, केवढा समजूतदार माणूस! एका पुरुषाला दुसऱ्याच्या मिशीचं दुःख कळतं.

"वाईट झालं," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "आपल्या हातात काय नसतं."

"धीर धरा. एक दिवस सगळ्यांवर हीच पाळी येनार हाय."

मी त्याच्या झुबकेदार मिशीकडं बघितलं. हाही गोविंदाकडंच जातो की काय, असं मनात आलं.

मग तो उठला, हात जोडले, आणि एक शब्द न बोलता चालता झाला. चहा विचारला नाही म्हणून राग नाही, पाणी नाही, साधं 'येतो' नाही! मी हौसाला म्हणालो, "विचित्र मानूस हाय. सोयरा असा निघून जातो व्हय?" माझ्या बटाट्याच्या डोक्यात उजेड पडला नाही, की मयताच्या घरात 'काय झालं' असं विचारत नाहीत, पाणी पीत नाहीत, आणि निघताना 'येतो' तर कधीच म्हणत नाहीत. त्यानं बिचाऱ्यानं सगळ्या रीती पाळल्या. फक्त आमच्याकडं मयतच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमची धांदल. हौसा म्हणाल्याप्रमाणं खरंच हसत उठली. दारात रांगोळी, ओट्यावर जाजम, गावातल्या पोरींच्या हातात गुलाबदाण्या. आईला नवीन लुगडं नेसवून मधोमध खुर्चीत बसवली, हातात अडकित्ता दिला. मंदा आत तयार होऊन बसली होती. खोपोलीची गाडी आली, गेली. पाव्हणे नाहीत. दुसरी आली, तीही गेली. जमलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मंदा दाराआडून दोनदा डोकावली. तिसऱ्यांदा डोकावली तेव्हा तिचं काजळ ओघळलेलं होतं. मी मनात म्हणालो, मोडलं, हेही मोडलं!

तेवढ्यात विहिरीच्या वळणावर टेंपो दिसला.

"आले! आले!" मी ओरडलो. "पोरींनो, गुलाबपानी!"

टेंपो थांबला. माणसं उतरली. सगळे पुरुष, नवरदेवसुद्धा, पांढऱ्या कपड्यात, माना खाली. बायकांच्या डोक्यावर पदर. मला वाटलं, काय शिस्तीची माणसं! आणि वळणावरूनच बायकांनी हेल काढला, "आयोऽऽ, कशी गेलीस गंऽऽ!"

आमच्या पोरी हुशार. सांगितलेलं काम सोडणाऱ्या नव्हेत. त्यांनी रडणाऱ्या बायकांवर गुलाबपाणी शिंपडायला सुरुवात केली!

सगळ्यात पुढं पार्वतीबाई. त्या धावत आल्या आणि हौसाच्या गळ्यात पडल्या. "सासू न्हवती वो, आईच व्हती तुमची!"

हौसा क्षणभर गोंधळली. पण इतकं जीव तोडून रडायला दुसरं कारण तिच्या डोक्यात येईना. तिला वाटलं, बाई शिरपतासाठीच रडतेय! कालचा बांध परत फुटला. "माजा भाऊ गेला वो ताई! पाठीत गोळी घातली मेल्यांनी!"

पार्वतीबाई दचकल्या. एका घरात दोन मयतं, त्यातलं एक गोळी घालून! त्यांनी दुप्पट जोरात सुरुवात केली. मागच्या बायका थबकल्या, आपसात "भाऊ पन गेला, भाऊ पन!" असं कुजबुजल्या आणि त्यांनी सूर वाढवला.

आणि खुर्चीतल्या आमच्या म्हातारीला वाटलं, एवढी माणसं रडताहेत, आपण नुसतं बसणं बरं दिसत नाही. तिनं अडकित्ता मांडीवर ठेवला, पदर तोंडाला लावला आणि खणखणीत आवाजात आपणही हेल काढला. दोन-तीन हेल काढून झाल्यावर शेजारच्या पाव्हणीला कोपरानं ढोसून विचारलं, "कोन गेलं गं?"

त्या बाईनं मान वर केली, म्हातारीला बघितलं आणि तिची दातखीळच बसली.

बाळाराम पुढं आला. म्हातारीकडं बोट करून म्हणाला, "ही कोन?"

"माजी आय," मी म्हणालो.

"जिती हाय?"

"मेल्या, तूच सांग जिती हाय का!" म्हातारी म्हणाली.

"मग गेलं कोन?" बाळाराम ओरडला.

"हवालदार," मी म्हणालो.

"कंचा हवालदार?"

आता काय सांगणार? मी मान खाली घालून म्हणालो, "टीव्हीतला."

"आन मिशी? हवालदारासाठी मिशी काडली तुमी?"

"नाय, मिशी गोविंदानं काडली. मॅनेजरचं बूट दाखवताना."

हे ऐकून बाळारामला वाटलं, मी पिऊन बसलोय. त्याचा चेहरा तांबडालाल झाला. "आमी रातभर जागलो! भावकीतली मानसं गोळा केली! टेंपो करून आलो! आन हितं टीव्हीतल्या मानसासाठी सुतक? आमाला येड्यात काडता काय? शुभ कामाला निघालेली मानसं रडत दारात आली, ह्याच्यावानी अपशकुन न्हाय. साखरपुडा आज नाय. आन उद्या पन बघू!"

आतून मंदाचा हुंदका ऐकू आला. मी बाळारामचे पाय धरायला वाकलो. मी तोंडाचा फटकळ माणूस, कुणाचे पाय कधी धरले नव्हते, पण पोरीपुढं काय हो? मी वाकलो तशी म्हातारी कडाडली, "उठ रं! आन तू, मिशीवाल्या, इकडं बघ. मानसं मी मेली म्हनून आली आन मी सुपारी कातरताना गावली. ह्याच्यापरीस चांगला शकुन कंचा असतो? खोट्या मरनाची हूल उठली की मानसाचं आयुष्य वाढतं, ठावं नाय? माजं वाढलं. घे सुपारी!"

बाळारामनं सुपारी घेतली नाही. तो वहिनीकडं, पार्वतीबाईंकडं बघायला लागला. पण पार्वतीबाईंचं लक्षच नव्हतं. त्या हौसाचा दंड धरून उभ्या होत्या.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हवालदार म्हंजी... आपला शिरपत?"

"व्हय वो."

"भाकर देनारा?"

"तोच. काल गेला."

"मला कुनी सांगितलं नाय वो! साखरपुड्याच्या गडबडीत कालचं बघायचं ऱ्हायलं माजं!" असं म्हणून त्या बाईनं जो टाहो फोडला, तो ऐकून झाडावरचे कावळे उडाले. मघाशी म्हातारीसाठी रडल्या ते रीतीचं होतं. हे खरं! हौसानं त्यांना मिठी मारली. दोघी जाजमावर बसल्या. गोळी कशी आली, शिरपत कसा पडला, भाकर कुठवर गेली, हौसानं सगळं सांगितलं, आणि जमलेली माणसं, आमची आणि त्यांची, गप उभी राहून ऐकत होती.

बाळाराम मध्ये बोलायला गेला. "वैनी, ते जाऊ द्या. सोयरिकीचं काय करायचं?"

पार्वतीबाईंनी नाक पुसलं. "भावजी, उगं तोंड वाजवू नका. ज्या घरात परक्या हवालदारासाठी चूल पेटत नाय, त्या घरची पोर माज्या म्हातारपनी मला उपाशी ठेवंल व्हय? बोलवा पोरीला भायेर."

आणि साखरपुडा झाला! वराकडचे सगळे पांढऱ्यात, दोन्ही विहिणींचे डोळे सुजलेले, आणि मुलीचा बाप सोललेला. फोटोवाला परत परत सांगत होता, "जरा हसा की! मयताचा फोटो हाय काय?" त्यावर बाळारामसुद्धा हसला. मग त्यानं म्हातारीकडून सुपारी मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात शिरपत हवालदार इस्पितळात डोळे उघडून बसला. गोळी म्हणे डब्याच्या झाकणाला लागली होती! सारी आळी टाळ्या वाजवत होती. हौसानं मात्र तोंड फिरवलं. "मेल्यानं मला गार पान्यानं न्हायला लावलं," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी शिरा केला, आणि एक वाटी खोपोलीच्या गाडीनं शिळफाट्याला पाठवली.

हौसाला जाऊन आता वर्ष होत आलं. साखरपुड्याचा तो फोटो भिंतीवर आहे. घरी येणारे बघतात आणि म्हणतात, लेक परक्या घरी जायची म्हणून माउली किती रडलीय बघा! मी 'व्हय' म्हणतो. खरं काय ते सांगून कशाला उगाच तिचं मोल कमी करू?

पण एक गोष्ट माझ्या मनात सलायची. परक्या हवालदारासाठी हिनं एवढं रडावं, मग मी गेलो तर किती रडेल? एकदा म्हातारपणी धीर करून विचारलंच. भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी आधी जाऊन तर बघा!"

उभ्या जन्मात तिनं सांगितलेलं एक काम माझ्या हातून वेळेवर झालं नाही. हेही राहिलंच.